चार्ज म्हणजे नेमका कोणावर कसला भार?

सकाळी उठल्यावर मोबाइल चार्ज झालाय का ते बघायचं. सोसायटीच्या बिलात कुठला नवा चार्ज लावलाय, ते सेक्रेटरींना गाठून विचारायचं. ऑफिसात नव्या साहेबांनी चार्ज घेतलाय म्हणून चार दिवस सांभाळून राहायचं. रात्री बातम्यांत कुणाविरुद्ध तरी चार्जशीट दाखल झाल्याचं ऐकायचं, आणि उद्या आजोबांना डिस्चार्ज मिळणार म्हणून मेडिक्लेमचे कागद जमवायचे. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, मराठी घरात हा शब्द दिवसभर तोंडात असतो आणि कुणी त्यावर अडखळत नाही. पण याच शब्दापायी लोक जादा पैसे भरतात, अर्धवट बातमीला निकाल समजतात आणि घराचं कर्ज फिटल्यावरही एक महत्त्वाचं काम तसंच सोडून देतात. म्हणून त्याचे अर्थ जरा नीट सुटे करून बघायला हवेत.

मुळात हा शब्द गाडीवानांचा. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे माल वाहायची चाकांची गाडी, आणि 'कार्रिकारे' म्हणजे त्या गाडीत माल लादणं. तोच फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आला. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. लादलेलं उतरवलं की 'डिस्चार्ज'. पुढे शतकानुशतकं ओझं बदलत गेलं. कधी दारूगोळा, कधी वीज, कधी पैसे, कधी जबाबदारी, तर कधी गुन्ह्याचा ठपका. लादणं तेवढं कायम राहिलं.

मराठीतही हेच चित्र आहे. शाळेच्या विज्ञानात विद्युतप्रभार, कचेरीत कार्यभार आणि प्रभारी अधिकारी, करांमध्ये अधिभार; सगळीकडे भार आहेच. सातबाऱ्यावर कर्जाची नोंद चढते तो बोजा. कोर्टातला 'आरोप' हा शब्दसुद्धा 'आरोहण'मधल्या धातूपासूनच आलेला आहे: वर चढवणं, वर ठेवणं. सरकारी मराठी रुक्ष म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो, पण इथे ती अर्थ उघडा करून दाखवते. चार्ज हा शब्द कुठेही भेटला की चार गोष्टी विचारायच्या: हा भार टाकला कोणी, टाकला कोणावर, कोणत्या नियमानं, आणि तो उतरतो कधी.

हा मूळचा लादण्याचा अर्थ अगदी जसाच्या तसा बघायचा असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी एमआयडीसी या औद्योगिक पट्ट्यात जायला हवं. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या केमिकल कारखान्यांत कामगार 'रिॲक्टर चार्ज केला' असं म्हणतात, तेव्हा विजेचा काही संबंध नसतो. ठरलेल्या वजनाचा कच्चा माल ठरलेल्या क्रमानं भांड्यात सोडला, एवढाच त्याचा अर्थ. क्रम चुकला तर उष्णता आवरत नाही, म्हणून किती वाजता काय चार्ज केलं ते बॅच शीटवर लिहून सही करावी लागते. फ्रिजचा मेकॅनिक 'गॅस चार्जिंग' म्हणतो, तेही हेच. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, तेव्हा खडकात भोकं पाडून त्यांत जी स्फोटकं भरत, त्यांनाही चार्जच म्हणतात.

बंदुकीत दारू ठासणं म्हणजे चार्ज करणं. तिथूनच हा शब्द विजेकडे गेला. अठराव्या शतकात लायडन जार नावाच्या काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली, आणि बरणी 'भरणं' व बंदूक 'भरणं' यांना एकच शब्द लागला. बेंजामिन फ्रँकलिननं १७४७ च्या सुमारास धन आणि ऋण ही विजेची नावं रूढ केली. अशा बरण्या ओळीनं जोडल्या तेव्हा त्यांना 'बॅटरी' म्हटलं ते त्यानंच. तोफांच्या रांगेचा हा शब्द. म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीवर आणि तिच्या चार्जिंगवर आजही तोफखान्याची भाषा चालते.

मोबाइल चार्ज होतो तेव्हा त्यात वीज पाण्यासारखी भरली जाते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. चार्जर जोडला की बॅटरीतले लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात, आणि तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनं फिरून त्यांच्या मागे जातात. एकूण विद्युतप्रभार तेवढाच राहतो, साठते ती ऊर्जा. वापरताना आयन परत आपल्या जागी येतात, तेच डिस्चार्ज होणं. बॅटरीवर '५००० एमएएच' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक अँपिअर प्रवाह पाच तास वाहील एवढा प्रभार. अशी बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, साधारण पंचवीस वॅट-तास लागतात. एका युनिटमध्ये हजार वॅट-तास असतात, म्हणजे एका युनिटमध्ये मोबाइल चाळीसेक वेळा चार्ज होईल. मुलं मोबाइल चार्जिंगला लावून ठेवतात म्हणून लाइट बिल वाढतं, ही तक्रार त्यामुळे फारशी टिकत नाही. बिल वाढतं ते एसी, गिझर आणि फ्रिजनं.

आता ते बिलच हातात घेऊ. महावितरणच्या मराठी बिलावर 'चार्ज'साठी 'आकार' हा शब्द आहे आणि 'मंजूर भार' ही वेगळी नोंद आहे. तुमच्या जोडणीवरून जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढायला परवानगी आहे, ते मंजूर भारात कळतं. त्याखालचे आकार एकेक करून वाचायला हवेत, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दलचा. महिनाभर घराला कुलूप लावून गावाला गेलात आणि एक युनिट जाळलं नाही, तरी तो लागतोच. घरगुती ग्राहकाला तो किती, हे मुख्यतः सिंगल फेज की थ्री फेज यावर ठरतं. वीज आकार म्हणजे जाळलेल्या युनिटची किंमत. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: शंभर युनिटची हद्द ओलांडली की सगळीच युनिटं महाग दरानं लागतात. तसं नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दरानं, १०१ ते ३०० पुढच्या दरानं, तिथून ३०१ ते ५०० आणि मग ५०० च्या वर, अशी पायरीपायरीनं आकारणी होते. १०५ युनिटं झाली तर महाग दर फक्त शेवटच्या पाचांना.

वहन आकार हा वितरणाच्या तारांचा: वीज तुमच्या दारापर्यंत वाहून आणण्याचा, म्हणून युनिटमागे. (गाडीतून माल वाहणाऱ्या त्या जुन्या शब्दाशी याचं चांगलं जमतं.) इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वर-खाली होतो, कारण वीज विकत घेण्याचा प्रत्यक्ष खर्च धरलेल्या खर्चापेक्षा किती वेगळा निघाला, ते त्यातून वळतं केलं जातं. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या मान्यतेनं चालतात. आणि या सगळ्या आकारांच्या बेरजेवर घरगुती बिलात १६ टक्के वीज शुल्क लागतं, ते राज्य सरकारचं. महावितरण ते फक्त गोळा करून देते. बिल जास्त आलं म्हणून वाद घालायचा असेल तर आधी कुठली ओळ वाढली ते पाहावं. युनिट वाढली असतील तर मीटर तपासायचा, इंधन समायोजन वाढलं असेल तर ते तुमच्या एकट्याचं वाढलेलं नाही.

सोसायटीच्या बिलात मात्र असं बघणारं आयोगाचं डोकं वर नसतं, म्हणून तिथे स्वतःच डोळे उघडे ठेवावे लागतात. 'मेंटेनन्स' म्हणून आपण एकच आकडा सांगतो, पण त्याच्या पोटात अनेक चार्ज असतात आणि प्रत्येकाची वाटणी वेगळ्या नियमानं होते. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च वगैरे, प्रत्येक फ्लॅटवर सारखं पडतं. वन बीएचके असो की थ्री बीएचके, गेटवरचा वॉचमन दोघांसाठी सारखाच उभा असतो. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावाल्यांसकट. तळमजल्याचे लोक यावर वर्षानुवर्षं भांडतात, पण नियम स्पष्ट आहे. पाण्याचा खर्च घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरतात: वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि किमान ०.२५ टक्के. म्हणजे मोठ्या फ्लॅटला हे दोन जास्त पडतात आणि पडायलाच हवेत. जिथे सगळं मेंटेनन्स सरसकट चौरस फुटांवर लावतात किंवा सरसकट सारखं लावतात, तिथे कुणावर तरी दुसऱ्याचा भार पडत असतो. आणि 'इतर चार्जेस' अशी मोघम ओळ सोसायटीच्या बिलात असूच नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या खर्चाला नाव देता येत नाही तो वसूल कशाच्या आधारावर करायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ नॉन-ऑक्युपन्सी चार्जचा. नावावरून वाटतं, बंद ठेवलेल्या घरावर लावत असतील. प्रत्यक्षात मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो तेव्हाचा हा आकार. कुलूपबंद घराला तो लागत नाही. आईवडील, मुलं, लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तरी लागत नाही. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे. घणसोलीत एखाद्या फ्लॅटचं महिन्याचं बिल ४,००० रुपये असेल आणि त्यातलं सेवा शुल्क १,८०० असेल, तर हा चार्ज १८० रुपयांपर्यंतच. भाडं चांगलं येतंय ना मग द्या हजार-दोन हजार, असं कमिटीनं म्हणून चालत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव झाला तरीही नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे करता येते.

घर विकताना ट्रान्सफर चार्ज येतो आणि इथे ठाणे आणि नवी मुंबई यांत फरक पडतो. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर देणगी किंवा आणखी कुठल्या फंडाच्या नावाखाली विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून काही मागता येत नाही. हे दोन्हीकडे सारखंच. पण नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तिनं जमीन विकण्याऐवजी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. त्यामुळे वाशी-नेरूळसारख्या ठिकाणी सिडकोच्या जमिनीवरचं घर विकताना जमिनीच्या मालकाची, म्हणजे सिडकोची परवानगी लागते, आणि त्याचं हस्तांतरण शुल्क वेगळं. ठाण्याहून नवी मुंबईत घर घ्यायला आलेले लोक एकाच ट्रान्सफर चार्जचा हिशेब धरून येतात आणि व्यवहार ठरल्यावर दुसरा समोर येतो. तो कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावं.

रस्त्यावरचे चार्ज त्या मानानं सोपे. रात्री बारा ते पहाटे पाच रिक्षाला मीटरवर २५ टक्के जादा, हे नियमात आहे. हॉटेलच्या बिलावर दोन ओळी दिसतात, जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज, आणि दोन्ही सरकारी आहेत असं समजून माणूस पैसे देतो. जीएसटी हा कर आहे, द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा स्वतःचा, आणि तो तुमच्यावर सक्तीनं लादता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरला खुशीनं काही द्यायचं असेल तर जरूर द्यावं, तो वेगळा विषय.

ऑफिसातला चार्ज म्हणजे कार्यभार. बदली झाली की 'चार्ज देणं' आणि 'चार्ज घेणं' यासाठी यादी करून सह्या होतात, कारण त्या तारखेनंतर कपाटातल्या प्रत्येक फायलीचा जाब नवा माणूस देणार असतो. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे आपलं काम सांभाळून दुसऱ्याचंही. पोलिसांच्या लाठीचार्जमधला चार्ज चालून जाण्याचा. घोडदळ तुटून पडायचं तो लढाईतला अर्थ. आणि मॅच जिंकल्यावर पोरं 'एकदम चार्ज झालो' म्हणतात, ती मोबाइलकडून घेतलेली भाषा.

कोर्टातला चार्ज मात्र घाईत वाचण्यासारखा नाही. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. अशा कारागृहात ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे कच्चे कैदी असतात, आणि त्यांच्या घरच्यांसाठी चार्जशीट, चार्ज फ्रेम आणि डिस्चार्ज या तीन शब्दांतला फरक म्हणजे पुढचे कित्येक महिने. चार्जशीट किंवा आरोपपत्र हा पोलिसांचा अहवाल: आम्ही तपास केला, आमच्या मते अमुक माणसानं अमुक गुन्हा केला, हे साक्षीदार, हे पुरावे. न्यायालयानं यात अजून काही म्हटलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जुनीच मुदत कायम आहे: फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेतल्या माणसाविरुद्ध ९० दिवसांत, बाकीच्यांत ६० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो आणि जामीन भरायची तयारी लागते.

पुढची पायरी आरोप निश्चितीची. न्यायाधीश कागद बघतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याइतकं काही आहे का ते ठरवतात. असेल तर चार्ज फ्रेम होतो, आरोपीला वाचून दाखवतात, आणि 'गुन्हा कबूल आहे का' असं विचारतात. नसेल तर डिस्चार्ज, म्हणजे दोषमुक्ती. बातमीत ही दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता एकाच अर्थानं वापरलेली दिसते, ते बरोबर नाही. दोषमुक्ती खटला सुरू होण्याआधी मिळते आणि नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उघडू शकतं. निर्दोष मुक्तता पूर्ण खटला चालून मिळते आणि ती कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. नुसतं चार्जशीट आलं म्हणून शेजाऱ्यांनी एखाद्या घराशी बोलणं टाकलेलं दिसतं. भार चढवणाऱ्यानं अजून तो सिद्धही केलेला नसतो.

हॉस्पिटलातला डिस्चार्ज सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण त्याबद्दलचा एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. कॅशलेस मेडिक्लेम असताना सकाळी डॉक्टर 'आज जा घरी' म्हणतात आणि विमा कंपनीच्या मंजुरीची वाट बघत संध्याकाळ होते. विमा नियामक इर्डाईनं २०२४ मध्ये सांगितलं आहे की हॉस्पिटलची विनंती आल्यापासून तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलनं जादा आकार लावला तर तो विमा कंपनीवर, पेशंटवर नाही. डिस्चार्ज समरीची मूळ प्रत मात्र न विसरता घ्यावी. पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तीच मागतो.

राहिला घरावरचा चार्ज. 'फ्लॅटवर बँकेचा चार्ज आहे' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते गहाण असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे दोन वेगळे आहेत: गहाणात मालमत्तेतला हक्क काही अंशी कर्ज देणाऱ्याकडे जातो, चार्जमध्ये मालमत्ता फक्त येणं वसूल करण्यापुरती बांधलेली राहते. घर घेणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हीचा अर्थ एकच, आधी बँकेचे पैसे. म्हणून जुनं घर घेताना तीन ठिकाणी बघावं. मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की महाराष्ट्रात ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, दाखल करावी लागते, ती दुय्यम निबंधकाकडच्या शोधात दिसते. २०११ पासून 'सेरसाई' ही तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी आहे, तिथे थोडं शुल्क भरून कुणालाही शोध घेता येतो. आणि सोसायटीच्या नोंदींत बँकेचं नाव आहे का, ते सेक्रेटरींकडून लेखी घ्यावं. नव्या इमारतीत घर घेत असाल तर रेरा कायद्यात एक मोठा आधार आहे: तुमच्याशी विक्रीकरार झाल्यावर बिल्डरला तो फ्लॅट गहाण टाकता येत नाही किंवा त्यावर चार्ज चढवता येत नाही. चढवलाच तर तुमचा हक्क त्यानं बाधित होत नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून 'नो ड्यूज' पत्र आलं की लोक पेढे वाटतात आणि विषय संपवतात. पण चढलेला भार नोंदीतूनही उतरवायचा असतो. रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा की पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेनं सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदणीतले चार्ज काढून टाकायचे. तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला. कागद घेताना कर्ज देतेवेळची यादी समोर ठेवून एकेक पान मोजून घ्या, साखळी करार (आधीच्या मालकांचे खरेदीकरार) आणि शेअर सर्टिफिकेटसकट. सेरसाईवर नोंद निघाली का ते पंधरा-वीस दिवसांनी स्वतः बघा. सोसायटीतली नोंद मात्र बँक काढत नाही. बँकेचं नाहरकत पत्र जोडून सेक्रेटरींकडे अर्ज द्यायचा, आणि नोंद रद्द केल्याचं सोसायटीच्या शिक्क्यानिशी लेखी घेऊन मूळ कागदांबरोबर ठेवायचं.